उखर्डू आबांचा पुरावा

"पुरावा दाखव, मग तोंड उघड."

उखर्डू आबांचं हे रोजचं वाक्य. भाजीवाली म्हणाली मेथी आजची आहे, तर आबा हेच म्हणणार. सून म्हणाली पाणी येऊन गेलं, तरी हेच. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या गल्लीत माणसं आबा दिसले की बोलणं आखडतं घेत. घरात डाळ किती उरली याचा पुरावा कोण खिशात घेऊन फिरतं?

एकतीस वर्षं आबा धुळ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटातल्या सांगाड्यावरची धूळ पुसायची, आम्लाची बाटली कुलपात ठेवायची. गुरुजी पोरांना शिकवायचे आणि आबा दाराआडून शिकायचे. ते शिकणं खरं होतं, त्याला नावं ठेवणार नाही. लिटमस निळ्याचा लाल होताना त्यांनी हजार वेळा पाहिला आणि हजाराव्या वेळीही ते वाकून बघत. त्या एकतीस वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. माणूस जोवर काहीतरी धूत असतो, पुसत असतो, तोवर बरा असतो.

निवृत्त झाले आणि जळगावला मुलाकडे, नीलेशकडे, राहायला आले. नीलेशने बापाला मोबाईल घेऊन दिला. पांझरा नदीला धरणाचं पाणी सुटावं तसे आबा सुटले.

'खान्देश खुली चर्चा' नावाचा एक गट होता. साडेअकरा हजार माणसं. त्यांच्यात चर्चा करणारा एक नाही, सगळे खुले. परदेशी सिनेमातला उडणारा वीर बलवान की पोथीतला, यावर तिथे सहा दिवस भांडण चाललं. पृथ्वी फिरते तर मेहरूणच्या तलावातलं पाणी का सांडत नाही, असं एकाने विचारलं, त्यावर दोनशे उत्तरं आली आणि त्यातली दीडशे विचारणाऱ्याच्या आईवर होती. केळीच्या बागेत मंत्र म्हटला तर घड भरतो की नाही, यावर ज्या दोघांनी एकमेकांची अब्रू काढली, त्यांच्यातल्या एकाचं दुकान चपलांचं आणि दुसरा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा. केळीचं खोड दोघांनीही हाताने चाचपलेलं नव्हतं. केळी बिचारी रावेर-यावलला उभी होती, तिला कुणी विचारलं नाही.

या चिखलात आबा 'यू. टी. पाटील' या नावाने उतरले. जेवण झालं की खाटेवर उताणे पडून, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाजवळ. सून ताट उचलायला आली की पाय बाजूला घेत, नजर नाही. सकाळी देवभोळ्यांना झोडायचं, दुपारी सिनेमावाल्यांना. अंगठे असे चालत, जशा बायका शेवया वळतात. शेवया तरी खाता येतात.

यू. टी. का, ते सांगितलं पाहिजे. उखर्डू हे नाव आपल्याकडे उगाच ठेवत नाहीत. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथलं नवं लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. टाकून दिलेलं दिसलं की मरण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, असा समज. मग आत्या नाहीतर मावशी येते, सापडलं म्हणून उचलते, आणि नाव ठेवते उखर्डू. आबांच्या आधी चार लेकरं गेली होती. जगली ती दोनच, थोरली भागाबाई आणि शेवटचे हे. ते नाव शाळेच्या दाखल्यावर चढलं आणि आबांनी जन्मभर दोन इंग्रजी अक्षरांखाली झाकून ठेवलं.

गेल्या फाल्गुनात एक सिनेमा आला. त्यात नेमका हाच प्रसंग. पावसात आई लेकरू उकिरड्यावर ठेवते, वीज चमकते, देवी प्रसन्न होते, पाठीमागे पन्नास व्हायोलिनं रडतात. जळगावात बायका पदर ओला करून बाहेर आल्या. आबांनी गटात लिहिलं, असला सिनेमा बंद केला पाहिजे, हा लेकरांच्या जिवाशी खेळ आहे.

आता गटात सगळे कामधंदा सोडलेले. एकाने आबांच्या जुन्या शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो शोधून काढला. त्यावर पूर्ण नाव. मग काय विचारता.

'आबा, उकिरड्यानेच वाचवलं ना?' एकाने लिहिलं.

'यू. टी. म्हणजे उकिरडा तोताराम,' दुसऱ्याने.

'तुमचा देह हाच आमचा पुरावा,' तिसऱ्याने. हा तिसरा स्वतःला 'श्रद्धावान खान्देशी' म्हणवत असे आणि त्याच्या फोटोत सिंहाचं तोंड होतं.

आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'माझी आई अडाणी होती. अंधश्रद्धेपायी तिने मला शेणाच्या ढिगात टाकून मारायला ठेवलं होतं. मी जगलो तो नर्सबाईच्या उकळलेल्या ब्लेडमुळे. नाळ त्या ब्लेडने कापली म्हणून.'

चारशे बारा लोकांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला. मेलेल्या आईला शिवी दिल्याबद्दल एका बैठकीत चारशे बारा अंगठे. आबांना आयुष्यात इतकी माणसं कधी भेटली नव्हती. त्यांनी ते चार-चारदा मोजले.

आणि खाली सिंहाने लिहिलं, 'नर्सचा पुरावा दाखवा, मग तोंड उघडा.'

आबांचंच वाक्य, आबांच्याच अंगावर. त्यांनी लिहून टाकलं की साक्षीदार जिवंत आहे, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आत तिचा व्हिडिओ टाकतो. साक्षीदार म्हणजे भागाबाई. आबा जन्मले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता पंचाहत्तरीची.

भागाबाई दिली होती आमच्या गावात, अमळनेरच्या पुढे, बोरी नदीच्या काठी. तिची नात मोहिनी कॉलेजला जाते. आजीला वाचता येत नाही म्हणून मोहिनी तिला मोबाईलमधलं सगळं वाचून दाखवते, आबांचं लिहिणं तर आधी. 'माझी आई अडाणी होती' हेही तिने वाचलं. भागाबाई उन्हात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "परत वाच." मोहिनीने परत वाचलं. भागाबाईने शेंगा फोडून संपवल्या, टरफलं भरली आणि आत गेली. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचं, ही आपली रीत. भावाने मुऱ्हाळी होऊन बहिणीला घ्यायला यायचं. निंबाला झोके बांधायचे, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. आबा घागर मानत नसत. पण दर वर्षी भागाबाई पिंप्राळ्याला जाई आणि त्यांच्या स्वयंपाकघरात आईच्या नावाची घागर स्वतः भरी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवी. आबा तेवढा वेळ गॅलरीत उभे राहत. त्या घरात आईचं नाव निघे ते त्या एका दिवशी.

या वर्षीही आबा आले. आखाजीच्या आदल्या सकाळी, नऊच्या एसटीने. चैत्र उलटून वैशाख लागला होता, नऊलाच डांबर मऊ पडलं होतं, निंबाचा मोहर रस्त्यावर सांडला होता. मुऱ्हाळी येतो तो बहिणीला लुगडं घेऊन, भाचरांना खाऊ घेऊन. आबांच्या पिशवीत मोबाईल उभा करायची तीन पायांची काठी होती.

भागाबाई ओसरीवर बसली होती. तिची भरलेली पिशवी खुंटीला टांगलेली. बाजूला शेजारचा लोटन तंबाखू मळत बसला होता. तो कुणाकडेही सकाळी येऊन दुपारी जातो.

"बठ. पानी पे पहिले," भागाबाई म्हणाली.

"पाणी नंतर, अक्का. उजेड चांगला आहे तोवर एक काम करून घेऊ." आबांनी काठी उघडली. "तू फक्त एवढं सांगायचं, की नर्सबाई आली होती आणि तिने ब्लेड उकळलं होतं."

"लगीन शे का कोनं, आबा?" लोटनने विचारलं. "फोटोवाला बनी गयात तुम्ही."

"तू गप रे. ही विज्ञानाची गोष्ट आहे."

"मंग मी बठस. शेतकीना कार्यक्रम बी मी पुरा देखस."

भागाबाईने मोबाईलच्या काचेकडे पाहिलं, मग भावाकडे. "सांगसू. पन बठ्ठं सांगसू. नही ते काहीच नही."

आबांनी बटण दाबलं, आणि ती सगळंच, पहिल्यापासून सांगू लागली.

आधीची चार लेकरं सातव्या-आठव्या दिवशी गेली होती. जबडा धरायचा, दूध ओढता यायचं नाही, अंग धनुष्यासारखं वाकायचं. नाळ विळ्याने कापत आणि वर शेणाची राख लावत. आबांच्या खेपेला आईने गावात आलेल्या नर्सबाईला गाठलं. नर्स म्हणाली, मी येते, पण पंधरा दिवस लेकराला शेणाचा वारासुद्धा लागता कामा नये. आईची सासू, म्हणजे भागाबाईची आजी, म्हणाली, ती बाई माझ्या उंबऱ्याच्या आत येणार असेल तर लेकरू पाचवीच्या दिवशी उकिरड्यावर गेलं पाहिजे. आई दोघींना हो म्हणाली.

पाचवीच्या पहाटे आईने एकटीने उकिरड्यात खड्डा केला. भागाबाईला कढत पाण्याने न्हाऊ घातलं, उकळून वाळवलेलं लुगडं नेसवलं, त्या खड्ड्यात जुनी गोणपाटं टाकून कमरेपर्यंत बसवलं, भोवती कडबा लावला. मग लेकरू तिच्या मांडीवर दिलं. हात वर धर, म्हणाली, शेणाला त्याचं बोटही लागू देऊ नको. आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू, ती लांबून बघत होती. तिला उकिरड्यावर लेकरू दिसलं. दिवस वर आला तशी आत्या आली. तिला सगळं माहीत होतं. तिने मांडीवरून लेकरू उचललं आणि मोठ्याने ओरडली, मला पोरगा सापडला. भागाबाईच्या पायांना किडे चावले होते, पण ती हलली नव्हती.

"तू उकिरडाले लागनाच नही," भागाबाई म्हणाली. "मनी मांडीवर व्हता तू. मायनी आन घालेल व्हती, सासू जित्ती शे तवलोंग कोनले सांगानं नही. नंतर कोनी पुसंच नही. तू बी नही."

लोटनची तंबाखू हातात तशीच राहिली. "चौसठ वरीस," तो म्हणाला, "आनि पुरावा घरमाच बठेल व्हता."

आबांनी मोबाईल उचलला. आपण लिहिलं ते खोटं आहे, हे त्यांना कळलं होतं. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाला तेवढं कळतं. पण अंगठा काचेवरून मागे-पुढे फिरू लागला. व्हिडिओ कुठे कापायचा ते शोधत होते.

"नर्सचा भाग झकास आलाय," ते म्हणाले. "तेवढाच ठेवतो. बाकीचं घरातलं घरात राहू दे."

"मायबद्दल तू काय लिखेल शे ते माले ठाऊक शे," भागाबाई म्हणाली. "ते पुसी टाक. आत्ते, मनासमोर. मंग मी पिशी लेस नि तुन्हासंगे येस."

"अक्का, ऐक माझं. हे सगळं सांगितलं तर तिकडचे म्हणणार, बघा, उकिरडा केला होता. इकडचे म्हणणार, बघा, नर्स होती. दोघांना अर्धं-अर्धं जाणार. मग माझ्या हातात काय राहिलं?"

"माय राहिनी ना."

"चारशे बारा लोकांनी त्याला पसंती दिलीय. आता पुसलं तर ते लोक काय म्हणतील?"

दारात उभी असलेली मोहिनी म्हणाली, "आबा, त्यातला एक तरी तुमच्या दारात पाणी मागायला आलाय का?"

मोबाईल थरथरला होता. सिंहाने लिहिलं होतं, 'काय झालं आबा, साक्षीदार पळाली का?' आबांनी ओसरीवर उभ्या-उभ्याच लिहायला घेतलं.

भागाबाई उठली. खुंटीची पिशवी काढली, उघडली, घडी केलेलं लुगडं बाहेर काढून आत नेऊन ठेवलं. मग तांब्याभर पाणी आणून भावाच्या हातात दिलं.

"पानी पे नि जाय. मी येवाव नही. घागर मी आठेच, मना घरमा भरसू."

"लोक काय म्हणतील अक्का? मुऱ्हाळी रिकामा गेला तर?"

"कोनता लोक?" तिने विचारलं.

आबा पाणी प्यायले. तांब्या ओट्यावर ठेवला, काठी मिटली, पिशवीत घातली. बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मोबाईल पुन्हा थरथरला आणि त्यांची मान खाली गेली.

मुऱ्हाळी बहिणीशिवाय परत जाताना आमच्या गावाने आजवर पाहिला नव्हता. माणसं भांडली आहेत, वाटण्या झाल्या आहेत, कोर्टात उभी राहिली आहेत, पण आखाजीला बहीण नेली आहे. आबा भर उन्हात स्टँडकडे निघाले तेव्हा गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. झोक्याची दोरी बांधणारी पोरं निंबावरून बघत राहिली. लोटन रस्त्याच्या मधोमध येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमच्या गावात रेंज धड नाही, म्हणून आबा मोबाईल डोक्याच्या वर धरून चालले होते, दर दहा पावलांवर थांबत, वर बघत, परत चालत. मोहिनी दारातून आत गेली. भागाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि आबा वळणाआड होईपर्यंत बघत होती. आबांनी मागे पाहिलं नाही.