भिंतीच्याच रंगाची दारं

कुंदाताई गेली तेव्हा मी तिच्या घरात होते, अकोल्याला. आणि ती माझ्या घरात, अमरावतीला. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायला मी निघाले तेव्हा ती पलंगावर बसून चहात टोस्ट बुडवत होती. मला म्हणाली, "चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात शब्बीरचा ब्रश पोचत नाही. तेवढं नीट पाहून येजो." मी हो म्हटलं. खरं म्हणजे तिथे पाहण्यासारखं काही नव्हतंच. शब्बीरभाई रंगाऱ्यांचं काम सुरूच झालेलं नव्हतं... सुरू झालंय असं मी तिला सांगितलं होतं. अकराच्या सुमारास मी तिच्या घराचं कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि खोल्यांच्या मधल्या बोळीत उभी राहून परत गेल्यावर तिला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझे यजमान सुधाकर म्हणाले, "निर्मला, ताई गेल्या." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?"

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. लोक भेटायला येतात, म्हणतात, बहिणीचं फार केलं तुम्ही, शेवटपर्यंत जवळ ठेवलं. मी मान हलवते. त्यांना जे माहीत नाही ते कुठेतरी लिहून ठेवावं, म्हणून हा लेख.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि कुंदाताई पंधराची. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी फी तिने भरली, माझ्या लग्नात वडिलांच्या शेजारी आईच्या जागी तीच उभी राहिली. डी.एड. करून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. पातूरकडच्या खेड्यांत तिने वर्षानुवर्षं गणित शिकवलं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर "वेळच नाही भेटला" म्हणायची, एखादी बस चुकल्यासारखं. अकोल्यात तिने स्वतःचं घर बांधलं. आधी दोन खोल्या, मग जमेल तशा आणखी दोन. आणि प्रत्येक खोलीला वेगळा रंग दिला. समोरची खोली हिरवी, स्वयंपाकघर हळदीसारखं पिवळं, झोपायची खोली गुलाबी, आणि घरभर दारं-चौकटी गडद निळ्या. क्वार्टरला आतून-बाहेरून, आमच्या काय नि शेजारच्यांच्या काय, एकच मळकट पिवळा रंग असायचा. ती म्हणायची, "जलमभर सरकारी रंगात राहिली मी. आता माह्या घरात प्रत्येक खोलीले आपापला रंग."

मला त्या रंगांची लाज वाटायची. हे मी तिच्या हयातीत कबूल केलं नसतं. बँकेतल्या मैत्रिणी कधी अकोल्याला जायच्या म्हणाल्या की मी त्यांना परस्पर हॉटेल सुचवायचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्यात नोकरीला, पण घर अकोल्याचं, म्हणून लग्न अकोल्यातच करायचं ठरलं. आमच्याकडची काही पाहुणेमंडळी ताईच्या घरी उतरणार होती, व्याही चहाला येणार होते. मी ताईला म्हटलं, "तुझं घर मी रंगवून देते, माझ्याकडून." ती खूश झाली. "दे," म्हणाली, "दहा वर्षं झाले रंगाले."

मग सुरू झालं माझं रंग निवडणं. हल्ली सगळीकडे दिसतात तसे शांत रंग हवेत, सगळ्या घराला मिळून एकच छटा, फार तर दोन, हे माझं आणि प्राचीचं फोनवर ठरूनच गेलं होतं. पण पांढऱ्याच्या जवळपास इतके रंग असतात हे मला तेव्हा कळलं. एकात पिवळसरपणा, एकात राखाडी झाक, एक सकाळी बरा दिसतो पण दुपारी निळसर मारतो. तीन शनिवार मी अमरावतीहून शेडकार्ड घेऊन जात होते. शब्बीरभाई रंगारी, ताईचे जुने ओळखीचे. त्यांनी समोरच्या खोलीच्या भिंतीवर सहा नमुन्यांचे चौकोन लावून दिले होते. मी लांब जाऊन बघायचे, जवळ येऊन बघायचे, पडदा ओढून बघायचे. ताई माझ्या मागे उभी राहायची. एकदा तिने विचारलं, "निमे, हे दोन येगळे हायेत का?" मी इतकी हसले! लग्नात चारचौघांत तो किस्सा सांगितला, तिच्यासमोर. आमच्या ताईला सहाही चौकोन एकच दिसत होते म्हणून. सगळे हसले. तीही हसली.

शेवटी एक फिकट, सायीसारखा रंग पक्का केला. भिंतींना तोच, छताला त्याहून किंचित उजळ, आणि दारं-चौकटींनाही भिंतीचाच, म्हणजे घर मोठं दिसतं. चौकटींचं ऐकल्यावर ताई म्हणाली, "चौकटी राहू दे नं निळ्या."

"काहून?"

"सवय हाये."

"ताई, सवय काय, आठ दिवसांत बदलते. निळ्या चौकटींनी सगळ्या रंगाचा सत्यानाश होईल."

ती ओट्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी मी निघाले तेव्हा शब्बीरभाई फाटकापर्यंत माझ्यामागे आले. म्हणाले, "मॅडम, चौकट तो डार्कच रखो. बाई को आने-जाने में जरा..." आणि थांबले. मी म्हटलं, "भाई, आता सगळीकडे असंच करतात." ते म्हणाले, "जैसा आप बोलें." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि मी पुरं करायला लावलं नाही. घाई होती. गाडी गाठायची होती.

घर सुंदर दिसलं. खरंच सुंदर दिसलं. विहीणबाईंनी दोनदा विचारलं, रंग कोणी निवडला. मी लाजत सांगितलं.

लग्नानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले आणि दर वेळी काहीतरी खटकायचं. भर दुपारी ताईच्या घरात सगळे दिवे लागलेले असायचे. दिव्यांच्या बटणांवर तिने लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. आणि न्हाणीघराच्या दारावर एक जुनी जांभळी साडी टांगलेली... दार अर्धं झाकेल अशी. मी म्हटलं, "ताई, एवढं घर चांगलं केलं आणि तू हे काय लुगडं लटकवून ठेवलंस? कोणी आलं तर काय म्हणेल?" मी ती साडी काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली. पुढच्या खेपेला साडी पुन्हा दारावर होती. मी पुन्हा काढली, या वेळी जरा बोललेच. तिसऱ्या खेपेला ती साडी तिथे नव्हती. मला बरं वाटलं. ऐकलं एकदाचं, असं वाटलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती पडली. सकाळची वेळ. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं, त्याची कड बोळीत पुढे आलेली. सायीच्या रंगाच्या भिंतीपुढे सायीच्या रंगाची कड. ती सरळ त्या कडेवर आदळली आणि कोलमडली. शेजारच्या वंदनाने आवाज ऐकला म्हणून बरं. कपाळाला टाके पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत विचारलं, तेव्हा वंदना ताईच्या घरी जाऊन फ्रीजच्या दारातले डोळ्यांचे थेंब आणि एक जाड फाइल घेऊन आली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. सहा वर्षांपासून. कडेची नजर जवळपास गेलेली, आणि जे समोर दिसत होतं त्यातही फिक्यावरचं फिकं दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की अशा माणसाला गडद रंगाचा आधार असतो. पायरीची कड, दाराची चौकट, त्यावरून ती माणसं घरात फिरतात. ते सहज सांगत होते. त्यांना काय माहीत!

ऑपरेशन झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी तिला विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू मले अमरावतीले नेलं असतं."

"मग काय बिघडलं असतं?"

"आता नेऊनच राहिली नं."

मी म्हटलं, "निदान चौकटींच्या वेळी तरी बोलायचं होतं."

ती छताकडे बघत होती. "बोलली होती मी. निळ्या राहू दे म्हटलं होतं." मग माझ्याकडे मान वळवली, माझा चेहरा शोधल्यासारखी. "माह्या घराच्या चौकटीले कारण कायले लागते, निमे?"



ती अमरावतीला आमच्याकडे आली. वॉकर धरून हळूहळू चालायला लागली. आल्या दिवसापासून तिचं एकच, मला माझ्या घरी जायचं. मी म्हटलं, आधी शब्बीरभाईंकडून चौकटी निळ्या करून घेऊ, मग जाऊ. हे मी मनापासून म्हटलं होतं. पण फोन हातात घेतला की वाटायचं, चौकटी झाल्या की ही जाणार. एकटी. आणि पुन्हा पडली तर? फोन राहून जायचा. ती विचारायची, "शब्बीरले सांगितलं का?" मी म्हणायचे, सांगितलं, त्यांच्या हातात दुसरं काम आहे. मग उन्हाळा आहे. मग त्यांची तब्येत बरी नाही... धडधाकट माणसाला मी आजारी पाडलं. सहा महिने असे गेले. अखेर एक दिवस ती जेवलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हा मी सांगून टाकलं, की काम सुरू झालं. ती उठून बसली. पोळी मागितली.

मग मला रोज काहीतरी सांगावं लागायचं. समोरची चौकट घासून झाली. पहिला हात झाला. स्वयंपाकघराची झाली. ती नीट ऐकायची, मधूनच विचारायची, दार चिकटते का, रंगाचे ओघळ तर नाही आले. मी म्हणायचे, नाही, छान झालंय. आणि मग एका रविवारी म्हणाली, "उद्या तू सोता जाऊन पाहून ये." मी गेले. दोन दिवस तिला थोडा खोकला होता, ताप नव्हता. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. पडण्याशी त्याचा संबंध लावू नका, असंही म्हणाले. मी लावते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना आली, ताईच्या शाळेतल्या बायका आल्या, बुद्धवंदना घेतली गेली, सगळं रीतीप्रमाणे झालं. त्यानंतर एकदाचा मी शब्बीरभाईंना फोन केला. आता त्या चौकटी कोणासाठी, असं सुधाकरांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शब्बीरभाई ठरल्या दिवशी ताईच्या घरी आले, रंगाचा डबा खाली ठेवला, आणि काम सुरू करण्याआधी जरा घुटमळले.

"मॅडम, बाई का फोन आया था मेरेको."

मला वाटलं, जुनी गोष्ट असेल. मी विचारलं, "कब?"

"गुजरने के आठ-दस रोज पहले. पूछे, शब्बीर, काम किधर तक आया. मैं बोला, कौनसा काम बाई, मेरेको तो किसीने बोलाच नहीं." ते माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण उचकटत होते. "फिर मैं बोला, कल से चालू कर देता हूँ. तो बोले, नको. निर्मला सांगीन तवाच करजो. आणि मी फोन केला होता हे तिले नको सांगू... अब तो बोल सकता ना मैं?"

मी खाली पायरीवर बसले. आठ-दहा दिवस. म्हणजे ओघळ आले का, दार चिकटतं का, हे सगळे प्रश्न तिने त्यानंतर विचारले होते. "सोता जाऊन पाहून ये" हेही ती त्यानंतरच म्हणाली होती. कोणत्याच चौकटीला ब्रश लागलेला नाही हे पक्कं माहीत असताना ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसत होती, आणि मी एकेक खोली रंगवत चालले होते.

क्वार्टरमध्ये ती मला गणित शिकवायची. पाटीवर माझं उदाहरण पहिल्याच ओळीत चुकलं तरी ती मध्ये बोलायची नाही. शेवटच्या ओळीपर्यंत करू द्यायची. मग गप्प बसून राहायची, माझं मलाच दिसेपर्यंत. कितीही वेळ लागला तरी. मी पाटी पुसायला हात उचलला की मगच तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

शब्बीरभाई स्टुलावर चढले आणि "मॅडम, चालू करूँ?" म्हणाले. मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच पायरीवर बसून होते.