पुण्याला परळीवरून

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतके धक्के आमच्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी दिले नसतील, आणि आपण धक्के देतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. दाजी चौसाळ्याच्या टेलिफोन केंद्रात काचेची तार सांभाळायला होते. हायवेच्या कडेनं ती जमिनीखालून नवीन नवीन गेली, गावोगाव एसटीडीची पिवळी पाटी लागली, माझंही बूथ उघडलं, त्या सुमाराची ही गोष्ट. तारेतून वीज जाते अशी आमची समजूत. दाजी पारावर बसून सांगत, "वीज न्हाई, उजेड जातो. केसावाणी बारीक काच हाय, अन् तिच्यातून हजार माणसं येकाच टायमाला बोलतेत." गावानं तेव्हापासून त्यांना डोक्यानं थोडं सुटलेलंच धरलं होतं.

त्या तारेवर त्यांचा फार जीव. माझ्या लग्नात आमच्या दारापुढं मांडवाच्या डांबासाठी खड्डा घेतला, तर दाजी धुतल्या कपड्यानिशी त्यात उतरून बसले. खालून तार गेली होती. वडील हातापाया पडले तरी उठेनात. "तुमचा मांडव दोन दिसाचा, मामा. खालची माणसं रोज बोलतेत." शेवटी माझं लग्न मागच्या अंगाला, म्हशीच्या गोठ्याला लागून लागलं. लिंबागणेशचे माझे सासरे ते अजून विसरलेले नाहीत. त्यांनाही दाजींनी पंगतीत सोडलं नव्हतं. त्यांच्या मनगटावर काहीतरी चमकताना दिसलं. तारेतल्या काचेचा कण कातडीत घुसला की चिकटपट्टीनं ओढून काढायची दाजींची सवय, म्हणून त्यांनी ती दाबली आणि ओढली. निघाली फेट्याची जर, आणि थोडे केस.

पण साहेबलोकांनी कपाळाला हात लावला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. केजवरून परळीकडं जाणाऱ्या दुसऱ्या तारेत काही काचा रिकाम्या पडून होत्या. अर्जावर अर्ज करून दाजींनी त्या आपल्या केंद्राला जोडून घेतल्या. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "माणसाला तालुक्याला जायला दोन वाटा लागतेत. उजेडानं काय घोडं मारलंय?"

एकदा भर दुपारी गावातल्या हौसाबाई माझ्या बूथवर आल्या. त्यांचा मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला होता. पोटात दुखून त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टर फोनवर विचारत होते, याला कुठलं औषध चालत नाही का. लहानपणी एका इंजेक्शननं पोरगं निळं पडलं होतं, हे बाईंना पक्कं आठवत होतं. औषधाचं नाव त्यांनी आणलेल्या जुन्या कागदावर होतं आणि वाचता त्यांना येत नव्हतं. मी रिसीव्हर घेतला, "हो, एक औषध..." म्हटलं, आणि फोन मेला.

पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणणाऱ्या यंत्रानं बीडच्या बाजूला तार तोडली होती. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी अनवाणीच केंद्राकडं पळालो. अर्धं गाव खड्ड्याकडं धावत होतं आणि दाजी आत, फडताळासारख्या पेटीपुढं शांत उभे.

"दाजी, तार तिकडं तुटली. तुम्ही इकडं काय करताय?"

"तिकडं जाऊन काय करू? सांधायला सांज होईल," ते म्हणाले. केंद्राकेंद्रांतल्या बोलण्यापुरती जुनी तांब्याची तार परळीपर्यंत अजून चालू होती. तिच्यावरून त्यांनी परळीच्या जोडीदाराला सांगितलं, "काढ. लाव. आता दिवा बघ." इकडं त्यांनी काचेच्या पिवळ्या दोऱ्यांची टोकं एका खाचेतून काढून पुसली आणि दुसऱ्या खाचेत बसवली.

"जा, लाव फोन."

लागला. पुणं पश्चिमेला, परळी पूर्वेला, आणि हौसाबाईंचा निरोप परळीवरून वळसा घालून पुण्याला पोचला. मी कागदावरचं नाव एकेक अक्षर फोडून सांगितलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "तेच सुईत भरून ठेवलं होतं." खाली बसलो तो मला पाणी द्यायला हौसाबाईच उठल्या. तिकडं तार अजून खड्ड्यात दोन तुकडे होऊन पडलेली.

पुढं काही वर्षांनी औरंगाबादच्या मोठ्या केंद्रात नवं यंत्र आलं. तुटलेलं ओळखून उजेडाची वाट तेच बदलायचं. ते बघायला दाजींना मुद्दाम बोलावलं, सोबत मी. साहेबांनी चालू दोरी उपटली. पण कुणाचं बोलणं अर्ध्या शब्दापुरतंही थांबलं नाही.

"कुणाला कळलं?" दाजींनी विचारलं.

"कुणालाच नाही," साहेब अभिमानानं म्हणाले.

दाजींनी यंत्राला हात जोडले. परतताना एसटीनं मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर दाजी म्हणाले, "लई चांगलं झालं. आता तुटलं तरी घाबरून कुणी पळत येणार न्हाई."

मी मान हलवली.

"कुणीच येणार न्हाई," ते हळूच म्हणाले.