माझ्या मागचं विमान

क्रांती चौकात स्कूटीवर असले की मी सगळ्यांना आधी जाऊ देते. रिक्षा, बस, उलट्या बाजूने घुसणारा मोटरसायकलवाला, सगळ्यांना. मागे बसलेली आई वैतागते. "अगं काढ की गाडी! इथंच मुक्काम करायचा का?" हा स्वभाव विमानातही सोबत येईल असं मला वाटलं नव्हतं.

त्या सकाळी दोन सीटांच्या शिकाऊ विमानात मी एकटी होते. उतरत असताना टॉवरने सांगितलं, मागे प्रवासी विमान येतंय, धावपट्टी लवकर मोकळी करा. माझा वेग थोडा जास्त होता. चाकं टेकली आणि विमान उसळलं. अशा वेळी काय करायचं हे सुरुवातीलाच शिकवलेलं असतं. उतरायचा हट्ट सोडायचा, इंजिनला पूर्ण ताकद द्यायची, रेडिओवर "गोइंग अराउंड" म्हणायचं आणि एक चक्कर मारून परत यायचं. माझा हात इंजिनची ताकद वाढवणाऱ्या थ्रॉटलवरच होता. पण मी पुन्हा वर गेले तर टॉवरवाल्यांना सगळी जुळणी परत करावी लागेल, मागची एवढी माणसं माझ्यामुळे खोळंबतील, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी गप्प राहिले. दुसऱ्या उसळीनंतर विमान नाकावर आदळलं. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीला घासून वाकला आणि विमान गवतात जाऊन थांबलं.

मला खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला, बाकी काही नाही. पण धावपट्टीवर तुकडे सांडले होते, म्हणून ती बंद झाली. मागचं विमान वर घिरट्या घालत राहिलं. अग्निशमनच्या गाडीजवळ बसून मी ते बघत होते. त्याची दोन मिनिटं वाचवायला गेले होते मी.

लेखी जबाबात मी इंग्रजीत लिहिलं, उंचीचा अंदाज चुकला. माझं इंग्रजी चांगलं आहे, वाक्य नीटनेटकं दिसत होतं. आमच्या प्रशिक्षक सरांनी ते दोनदा वाचलं.

"अंदाज सगळ्यांचाच चुकतो. उसळल्यावर वर का नाही गेलीस?"

"मागे विमान होतं, सर."

"म्हणजे संकोच वाटला?"

"हो."

"लँडिंग मी शिकवीन गं. हे कसं शिकवू?"

ते रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. चौकशी संपल्यावर ते माझ्यासोबत उडणार होते आणि मला पुन्हा एकटीला सोडायचं की नाही ते ठरवणार होते. नाही म्हणाले असते तर माझं पायलट होणं तिथंच संपलं असतं.

पुंडलिकनगरच्या घरी मी कपाटाच्या आरशासमोर हळू आवाजात "गोइंग अराउंड" हे दोन शब्द म्हणत बसायचे.

"काय पुटपुटायलीस?" आईने मेथी निवडता निवडता विचारलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

आई मेंढपाळांच्या घरातली. लग्नाआधी ती कळपासोबत चाललेली आहे, पण कॉलनीत तो विषय ती काढत नाही.

"आमची मेंढरं हायवे ओलांडायची ना, तवा मला रस्त्याच्या मधी उभं करायचे," ती म्हणाली. "आठ वर्षाची असंन मी. ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून कान किटवायचे."

"मग?"

"मग काय? हात वर करून उभं राहायचं. शेवटचं कोकरू पार होईस्तोर हलायचं नाय."

"भीती नाही वाटायची?"

"लई वाटायची. पण हात खाली घेतला तर मेंढरं मरायची. ट्रकवाल्याला काय, उशीर व्हायचा." तिने मेथीची काडी माझ्यावर रोखली. "आता मोठ्यानं म्हण."

मी म्हणाले. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय झालं हो?"

"काय नाय," आई ओरडली, "पोरगी विमान वर नेऊ राहिली!"

परीक्षेच्या दिवशी सर शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. उतरताना मागे पुन्हा प्रवासी विमान. या वेळी वेग बरोबर होता, पण अगदी टेकता टेकता वाऱ्याने आम्हाला उचललं आणि विमान तरंगत पुढे चाललं. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. "गोइंग अराउंड." आवाज थोडा चिरकला, पण निघाला. टॉवरने मागच्याला वरच थांबायला सांगितलं. त्याचा पायलट इतक्या सहज हो म्हणाला, जणू कुणी त्याला चहाचं विचारलं होतं.

पुढच्या खेपेला चाकं एकदाच टेकली. कडेला येऊन थांबल्यावर सर काही न बोलता उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः बांधला आणि दार लावता लावता म्हणाले, "जा."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती.

"मम्मी, एकटीने उडवलं. आणि त्याआधी एका मोठ्या विमानाला थांबवलं."

तिचे हात थांबले. "हॉर्न वाजवला का त्यानं?"

"नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.