काहून मॅडम आणि गच्चीवरचा बोर्ड

आमच्या मॅडम नमस्काराआधी प्रश्न विचारत, आणि तो बहुधा ‘काहून’, म्हणजे आमच्या वऱ्हाडीतला ‘का’, या शब्दानेच सुरू होई. त्यावरून त्यांचं नाव पडलं काहून मॅडम. तोंडावर तसं म्हणायची हिंमत कोणी केली नाही, तरी त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोन उचलून त्या स्वतःच म्हणाल्या, ‘‘हो, काहून मॅडमच बोलून राहिली.’’

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका मोठ्या कापड दुकानाच्या इमारतीत आमच्या कंपनीकडे देखभालीचं काम होतं आणि मी तिथला सुपरवायझर होतो. गच्चीवर एसीची अवाढव्य मशीन्स होती. मॅडम विजेच्या इंजिनिअर म्हणून नव्याने आल्या. घर काटोलकडचं, शेतीवाडीचं. शिक्षण नागपुरात झालेलं. साहेबांसमोर त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण मशीनसमोर आल्या की वऱ्हाडीवर येत.

पहिल्याच दिवशी त्या गच्चीवर आल्या तेव्हा आमचा मेकॅनिक शरद पाण्याचा पंप लावून मशीन धूत होता. गच्चीवर सॉकेट नव्हतं, म्हणून पंपासाठी लांबलचक एक्स्टेन्शनची वायर आणलेली होती.

‘‘ही वायर कुठून येऊन राहिली?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘खालून,’’ शरद म्हणाला.

‘‘खालून म्हणजे कुठून?’’

शरदने जिन्याकडे बोट दाखवलं. मॅडम वायरच्या कडेकडेने चालू लागल्या, मीही मागे निघालो. वायर जिन्याच्या दारात चेपली होती, पुढे पायऱ्यांवरून उतरून वरच्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये शिरली होती. तिथे चहा करणाऱ्या शेवंताबाईंच्या केटलीशेजारी तिचा प्लग होता.

‘‘बाई, हा प्लग तुम्ही कधी काढता का?’’

‘‘काढते ना. केटली लावाची असली का काढते, मंग लावून देते.’’

‘‘वर माणूस काम करून राहिला असते, माहीत आहे?’’

‘‘नाही वं माय. मले वाटे, वर दिवा असन.’’

मॅडमना हसू आवरेना. रागावण्याऐवजी त्यांनी तिथेच स्टुलावर बसून चहा घेतला आणि कँटीनमध्ये दिवसभर काय काय चालतं ते शेवंताबाईंकडून समजून घेतलं. वर आल्यावर म्हणाल्या, ‘‘प्रत्येक मशीनजवळ कामासाठी सॉकेट पाहिजे. वायरच खाली नको जायले.’’

ते बसवतानाही त्यांचं कुतूहल शमेना. ठेकेदाराने सुचवलं, की सॉकेटला लाइन मशीनच्याच स्विचमधून द्यावी, जवळ पडेल.

‘‘मशीन बंद केली तर सॉकेटात करंट राहीन काय?’’

‘‘नाही राहणार.’’

‘‘मग पंप चालवाले शरद काय करीन?’’

ठेकेदाराने जरा विचार केला. ‘‘मशीन चालूच ठेवेल.’’

‘‘आन् त्याचा हात कुठं राहीन?’’

ठेकेदाराने हातातली वायर गुंडाळून ठेवली. सॉकेटसाठी खालच्या पॅनेलवरून वेगळी लाइन आली. करंट जरा जरी बाहेर गळला तरी क्षणात खाली पडून वीज तोडणारा स्विच तिच्यावर बसला. सॉकेट आणि स्विचचा बोर्ड गच्चीच्या फरशीपासून वर, पाणी साचलं तरी पोहोचणार नाही असा. आणि झाकण असं, की प्लग लावल्यावरही मिटावं. कामाला लागण्याआधी स्विचचं टेस्ट बटण दाबायचं. तो पडला तरच पुढे. शरदला ही कटकट वाटे, आणि तो ती उघड बोलून दाखवी.

दिवाळीच्या गर्दीत, ऑक्टोबरच्या उकाड्यात, दुकानातला गारवा अचानक कमी झाला. मशीनच्या जाळीत धूळ बसली होती. शरद पाण्याच्या पंपाने ती धुऊ लागला, तोच स्विच पडला. त्याने वर केला, पुन्हा पडला. एवढ्यात दुकानाचे मॅनेजर घाम पुसत गच्चीवर आले.

‘‘तुमचा हा नाजूक स्विच काढा आणि जुनी वायर लावा. गिऱ्हाईक परत चाललंय. तुम्हाला जमत नसेल तर कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला देतो.’’

शरदने जुनी वायर खांद्यावर घेतलीसुद्धा. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर आमच्यातल्या निम्म्यांचं काम जाणार, हे त्या जाणून होत्या.

‘‘थांब गा शरद,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो पडला काहून, ते तर पाहू.’’

पंपाचा प्लग काढून स्विच वर केला, तर तो टिकला. प्लग लावला, लगेच पडला. मग प्लग काढून मॅडमनी पंप आडवा करायला लावला. चाकाखाली केबल कातरली गेली होती. आतलं तांबं ओल्या फरशीला टेकत होतं, आणि त्याच ओल्यात शरदच्या चपला भिजल्या होत्या.

मॅनेजर वाकून बघत राहिले. ‘‘दुसरा पंप यायला किती वेळ लागेल?’’ त्यांनी हळू आवाजात विचारलं.

दुसरा पंप हिंगण्याहून आला, काम झालं, कॉन्ट्रॅक्टही राहिलं. तो येईपर्यंत शरद पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला होता. बायकोला फोन लावून तो एवढंच विचारत होता, ‘‘जेवली का तू?’’

पुढे मॅडमना रायपूरला मोठी नोकरी मिळाली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तर्री-पोहे खायला गेलो. इतक्या दिवसांत एक गोष्ट आम्ही आपसात पक्की ठरवून टाकली होती. मॅडम एवढ्या जपतात, त्याअर्थी त्यांच्या घरी कोणीतरी करंट लागून गेलं असणार. भाऊ असेल, नाहीतर वडील. त्या दिवशी मी धीर करून ते विचारलंच.

मॅडम खाता खाता थांबल्या. आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

‘‘नाही गा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माह्या घरी सगळे धडधाकट आहेत. कोणी मेल्यावरच माणसानं जपाचं असते काय?’’