देवरावची बकरी अन् माझा पंप

शेतीची योजना आली की तिच्यासंग किस्सेही येते. योजना बंद होते, किस्से काही बंद होत नाही! भिलाई-3 च्या चहाठेल्यावर आम्ही तीन म्हातारे रोज सकाळी बसतो, अन् तिथं इतके किस्से जमून राहिले, की आमालेच बसाले जागा पुरत नाही. सांगतो एकेक. फक्त घाई नका करू, मी हळू बोलतो.

*

पहिले गजाननभाऊ. पोलादाच्या प्लांटमंदी क्लर्क होते. राहतात शहरात, कैंप-1 वस्तीमंदी, शेत नावापुरतं. शेताची वाट विचारली त अजूनही कोणाले तरी फोन करतात! त्यांना अनुदानावर फवारणीचा पंप भेटला. होळीले त्यांनं गच्चीवर चढून अख्खी गल्ली रंगवली.

मी म्हटलं, "भाऊ, हा त पिकासाठी होता न?"

"मग फवारणी कशी झाली ते पाहा न काका! एक माणूस कोरडा सुटला नाही!"

*

दुसरे देवराव. यांनं भाजीच्या वाफ्यासाठी हिरवी जाळी घेतली, अन् तानली कुठं? नव्या गाडीवर!

तपासाले साहेब आले. म्हणे, "जाळीखाली पीक कोणतं?"

देवराव थंडपणे म्हणे, "लय नाजूक आहे साहेब. ऊन लागलं की रंग उडते!"

साहेबांनं जाळी मोजली, लिहून घेतली, चहा पेला अन् गेले. जाळी त होती न!

*

मग आली पाण्याच्या पंपाची योजना. आधी पंप बसवायचा, त्याच्यासंग फोटो काढायचा, मग साहेब पाहून जाणार, मग अनुदान.

देवरावच्या अंगणात एक नवा पंप होता. बाकीच्यांनं डोकं लढवलं. जो तो देवरावकडं जाये अन् त्याच पंपाजवळ उभा राहून फोटो काढे. देवरावच्या बकरीले फोटोचा भारी शौक! मोबाइल दिसला की धावत येऊन मधात उभी.

नावं वेगळी, पंप तोच, बकरी तेच. साऱ्या फाइली पास!

*

आता माझं ऐका. माझा जुना पंप खरंच जळला होता. टमाटर माना टाकून राहिले होते. दुकानदारानं नवा पंप दिला, पण म्हणे, "काका, फाइल पास नाही झाली त पंप उचलून नेतो."

मी माझ्या विहिरीवर पंप बसवला, बाजूले उभा राहिलो, फोटो दिला. फाइल वापस!

मी साहेबांकडं गेलो. "साहेब, पंप खरा, विहीर खरी, मी खरा. मग वापस कावून?"

साहेबांनं साऱ्यांचे फोटो टेबलावर मांडले. "बाकी साऱ्यांचे एकसारखे आहेत काका. तुमचाच वेगळा. शंका येते."

मी फोटो पाहिले. मले समजलं.

सरळ देवरावकडं गेलो. तो म्हणे, "न्या न काका! पण दुपारच्या आत आणून द्या, तिले आज अजून दोन फोटो आहेत."

बकरी आणली. तिनं आधी माझी टमाटरची दोन रोपं खाल्ली, मग मोबाइल पाहून ऐटीत उभी राहिली. नवा फोटो दिला. साहेब खूश! म्हणे, "आता बरोबर. उद्या पाहाले येतो."

*

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. मी पंप चालू केला. पाणी असं धो धो आलं, की साहेबांचे बूट भिजले. टमाटर माना वर करून उभे. मले वाटलं, झालं काम.

साहेबांनं पंपाकडं पाहिलंच नाही. हातात फोटो धरून विहिरीमागं गेले, बांधावर गेले, खाटेखाली वाकून पाहिलं.

"काका, बकरी कहाँ है?"

मी मनात म्हटलं, पंप जाते आता! पण या वयात खोटं बोलाले जमत नाही. हात जोडून म्हटलं, "साहेब, ते देवरावकडं गेली. दुसऱ्याचा फोटो आहे आज."

साहेबांनं पेन काढला. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "पंप चालू. बकरी ड्यूटीवर."

अन् सही ठोकली!