व्हर्न पेडलरची चावलेली पेनी

आमच्या मूंटा गावच्या नाणी मंडळात क्लेम ट्रेझाइसचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नाणं भिंगाखाली धरून तो म्हणायचा, "टांकसाळीची चूक," नाहीतर, "मागाहून केलेली नासाडी." त्यावर वाद नाही. मग मी, चहा करणारी डॉरीन, नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासायचे आणि तो ठसा वहीत चिकटवायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी व्हर्न पेडलरने काठाचा चावा घेतल्यासारखी पेनी आणली. बापाने दिलेली. क्लेमने धड बघितलंही नाही. "कानस मारलीय," म्हणाला. लोक काय, टपलेलेच! "व्हर्न, आज कानस घरी ठेवलीस ना? की बापाकडे आहे?" दर रविवारी हेच. व्हर्न यायचा बंद झाला, क्लेमशी लहानपणापासूनची दोस्तीही तुटली. मला संताप आला होता, पण मी गप्प बसले. तेही पापच.

परवा जुनी वही चाळताना क्लेमचा चेहरा पांढराफटक पडला. टांकसाळीतच तुकडा उणा पडला असेल, तर बरोबर समोरचा काठही पुसट उठतो. कानस लागली असेल, तर तो ठणठणीत राहतो. हे यानेच शंभरदा शिकवलेलं! वहीत व्हर्नच्या पेनीचा समोरचा काठ साफ पुसट होता.

"व्हर्न खरा होता गं. तो आहे तोवर त्याचं नाव धुऊन काढायला हवं."

व्हर्नच्या फुप्फुसांचा भरवसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. तो व्हरांड्यात बसलेला, नाकात नळी. क्लेमने टोपी काढली. "चुकलो मी, व्हर्न. पेनी दे. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"लवकर सुचलं रे तुला, लेका!" व्हर्नने फाटकाकडे बोट केलं. कडीच्या बोल्टखाली वायसर म्हणून ती पेनी ठोकलेली, मधोमध आरपार भोक. "त्याच आठवड्यात पाडलं. माझ्या बापाला लबाड म्हणत होते ते."

क्लेम रडला. म्हाताऱ्याला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"जा, सांग जा," व्हर्न म्हणाला.

रविवारी क्लेम उभा राहिला आणि सगळं बोलला. हसणारे केव्हाच मातीत गेलेले. समोर पाच नवी माणसं, हातात खिमा भरलेली पास्टी.

"व्हर्न कोण?" एकाने विचारलं.