तेरा पॉइंट एक

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही. मानायची सोयही नव्हती. माझं पोट मल्टिमीटरवर चालतं. आकडा आला तर आला, नाही आला तर वायर तुटली, एवढंच माझं शास्त्र. हा अनुभव सांगायचा तर त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते, म्हणून इतके दिवस गप्प होतो.

मी कोरेगावचा. वय बावन्न. सोलर बसवतो, दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका वस्तीवर, एका रिटायर्ड हवालदाराच्या घरी छोटी सिस्टिम बसवली. त्यांना सगळे नाना म्हणत. वस्तीवर लाईटची लाईन नव्हती. दोन पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर, पॅनेलची वीज बेतानं बॅटरीकडं सोडणारा स्क्रीनवाला डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, गोठ्याच्या भिंतीला, आणि बॅटरी मात्र घरात, देवघराच्या कोपऱ्यात. नानांचा हट्ट. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागायचं. मधलं अंतर चाळीस फूट. त्या दिवशी माझ्याकडची जाड वायर संपली होती. बारीक टाकली. 'पुढच्या खेपेला बदलू' असं मनात म्हटलं. नानांना बोललो नाही.

बारीक वायर लांब गेली की व्होल्टेज वाटेतच गळतं. कंट्रोलरपाशी चौदा पॉइंट चार दिसतं आणि बॅटरीला पोचतं त्याहून बरंच कमी. मग बॅटरी कधी पोटभर चार्ज होत नाही. महिन्याभरात तक्रार आली — सात वाजले की दिवे मंद.

मी गेलो. कंट्रोलरची स्क्रीन बघितली, तिथंच मीटर लावला. १४.४. खरं तर बॅटरीपाशी मापायला हवं होतं. पण देवघरात जायचं म्हणजे बूट काढायचे. नाही काढले. कंटाळा म्हणा... पण आता खरं लिहितो. आत मापलं असतं तर मला कळलं असतं, आणि कळल्यावर सांगावं लागलं असतं.

"चार्जिंग बरोबर हाय, नाना. घरातलंच कोणतरी जास्ती लोड लावतंय."

"कोण लावणार? मी आन् सूनबाई, दोघंच तर हाय आमी."

"मिक्सर हाय न्हवं घरात?"

एवढंच बोललो मी.

नानांची सून सुनीता दारातच उभी होती. तिचा नवरा विकास फौजेत, लांब सीमेवर. "मामंजी, मी त्याला हातबी लावला न्हाई," ती म्हणाली. नानांनी तिच्याकडं बघितलं नाही. ते फौजेत सिग्नल विभागात नोकरी केलेले, आकडा बघितला की त्यांचा विषय संपला. मिक्सर काळ्या ट्रंकेत गेला, ट्रंकेला कुलूप. दिवे तरी मंदच. म्हणजे ही लपून दुसरं काहीतरी लावते, असं घरात ठरलं. नानांनी तिच्याशी बोलणं टाकलं. विकास सुट्टीवर आला, त्यानंही वडिलांचंच खरं धरलं, आणि पुढं फोनवरसुद्धा कामापुरतं बोलू लागला. दोन वर्षं ती बाई पाट्यावर चटणी वाटत होती. या काळात मी चार वेळा गेलो. चारही वेळा बाहेरूनच परतलो.

नाना वारले. वयानं गेले, त्यात वावगं काही नव्हतं. तीनेक महिन्यांनी सुनीताचा फोन.

"भाऊ, त्या डब्यावरचा आकडा बदललाय. तेरा पॉइंट एक. हलतच न्हाई."

माझ्या मनात पहिलं काय आलं? हिनं सेटिंगशी खेळ केलाय. सासरा गेला, आता स्वतःला धुऊन घ्यायला बघतीय. वस्तीवर पोचेपर्यंत माझी खात्रीच झाली होती.

भर दुपार, लख्ख ऊन. स्क्रीनवर १३.१. त्याच टर्मिनलला माझा मीटर लावला — १४.४.

"स्क्रीन बिघडलीय, वहिनी."

"मग आत येऊन मापा की. का बूट लय घट्ट हायेत?"

म्हणजे तिनं ते सगळं बघितलं होतं. मी बूट काढले. देवघरात गेलो, बॅटरीला मीटर लावला.

१३.१.

चाळीस फुटांवरचं व्होल्टेज कंट्रोलरला कळायचं तर वेगळी वायर ओढावी लागते. ती मी टाकली नव्हती. कुणी चोरून टाकली का म्हणून भिंत चाचपली, पत्र्याखाली वाकून बघितलं, कंट्रोलरच्या मागं बघितलं. काही नाही. मग पॅनेलच्या वायरी सोडवल्या, बॅटरीच्या सोडवल्या. आता स्क्रीन विझायला हवी होती. ती तशीच... १३.१. मी तो डबा हातात घेऊन ओसरीपर्यंत चालत आलो, पालथा करून मागचं झाकण उघडलं. आत सेल नाही, काही नाही.

"तुम्ही काय केलंत याला?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"मी? अजून मीच केलं का?"

मी ओसरीवरच बसलो. सांगितलं. वायर बारीक होती, मीच टाकली होती, मला ठाऊक होतं.

तिनं मोबाइल काढून नंबर लावला. "मला नगा सांगू. त्यास्नी सांगा."

"बोला मिस्त्री," विकास म्हणाला. मी सगळं बोललो.

"म्हंजे तिनं मिक्सर..."

"न्हाई लावला. कदीच."

"नानांना हे ठावं हुतं?"

"न्हाई."

"तिला द्या फोन."

ती फोन घेऊन परसात गेली. मी डब्याकडं बघितलं तर स्क्रीन काळी. बोलण्याच्या नादात कधी विझली, दोघांनीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाड वायर टाकली, कंट्रोलरही नवा बसवला. आता दोन्ही टोकांना १४.३ येतं. जुना कंट्रोलर दुकानात लावून बघितला. ठणठणीत आहे. वायर काढली की सेकंदात विझतो. धंद्यातली माणसं म्हणतात, आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठून राहिली असेल. राहील, दोन सेकंद राहील. पण तो आकडा त्याला कुणी सांगितला?

अजूनही बसल्या बसल्या अंदाज बांधतो. कुणीतरी आलं असेल, काहीतरी जोडलं असेल. आणि दर अंदाजात पहिलं नाव सुनीताचंच येतं. तिला यातलं काही कळत नाही, मला पक्कं ठाऊक आहे. तरी येतंच.